पिवळी रेघ

दि. ३ मार्च

जावईबापूंस,
सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र परवा पोचले. आम्ही दोघे ठीक आहोत. तुमच्या सासूबाईंचा गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. माझी तब्येत विचारलीत. तिला काही झालेले नाही. गॅरेज चालू आहे. तुमच्या घरी सर्व कुशल असेल असे धरून चालतो.

पत्र बघून तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "घरात फोन असताना ही कसली थेरं? उचला आणि सांगा." मी म्हटले, फोनवर पंचवीसचे पस्तीस ऐकू येतात आणि गाडी विनाकारण एक सेंटिमीटर खाली बसते. कागदावरचा आकडा पुसट होईल, पण बदलणार नाही. तुम्ही पत्राने विचारलेत हे मला आवडले. दातांच्या डॉक्टरला एवढी शिस्त असणारच.

तुमचा प्रश्न असा, की घरची लाल गाडी रोज कामावर जायला लागते, शिवाय दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी ती रेसच्या ट्रॅकवर न्यायची असते; तर सस्पेन्शनमध्ये काय बदलावे. तुम्हाला या विषयात रस आहे हे मला नवीन आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडायला गेलात आणि पेट्रोलचे झाकण उघडलेत, ते मी पाहिले होते. पण माणूस शिकतो. मलाही कुणी शिकवले नाही. जुन्या गाड्या उघडल्या, पुन्हा जोडल्या, आणि शेवटी हातात उरलेल्या नटाकडे बघत बसलो की बाबा रे, तू कुठला. तेवढीच माझी शाळा.

लाल गाडी मला माहीत आहे. तिच्या पोटाखालचा प्रत्येक नट या गॅरेजात आवळलेला आहे.

पहिली गोष्ट ही की रोजची गाडी आणि ट्रॅकची गाडी या एकमेकींच्या सवती. एकीचे लाड केले की दुसरी फुगून बसते. म्हणून दोघींना थोडे थोडे नाराज ठेवायचे. लोकांना हे पटत नाही. ते आधी आखूड, कडक स्प्रिंगा आणून घालतात, कारण गाडी खाली बसली की दिसते झकास. स्प्रिंग वजन धरते आणि शॉकअप तिची उसळी आवरतो, हे त्यांच्या गावी नसते. थकलेल्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग घालणे म्हणजे निवृत्तीला आलेल्या मास्तरांना दांडगा वर्ग देणे. दोन महिन्यांत मास्तर रजेवर जातात.

दुसरे टोक म्हणजे कॉइलओव्हर. त्यात स्प्रिंग आणि शॉकअप एका जोडीनेच येतात आणि उंची आट्यांवर फिरवून कमी-जास्त करता येते. उत्तम मिळाले तर उत्तम. स्वस्तातले घेतलेत तर रोज सकाळी मणक्यांची हजेरी घेतात, आणि चिखलपाण्याने आटे धरले की ती उंची जन्माची. तुमच्या गाडीला मी ते सुचवत नाही.

माझे मत लिहितो. शॉकअप असे घ्यावे की ज्यांचा कडकपणा वरच्या खुंटीने बदलता येतो. एक खटका फिरवला की थोडा कडक, उलट फिरवला की थोडा मऊ. रविवारी सकाळी फिरवायचे, संध्याकाळी परत आणायचे. स्प्रिंग मूळच्यापेक्षा एक-तृतीयांश कडक. गाडी पंचवीस मिलिमीटरपेक्षा खाली नको, कारण चाकाला धरणारा खालचा हात चाकाकडे किंचित उतरता असायला हवा. तो वर चढला की गाडी दिसते बसकी आणि वळणात कलते जास्त. सांध्यांमध्ये बसणारे बुश नवे घालावेत, पण रबराचेच. प्लास्टिकसारखे कडक मिळतात ते रोजच्या गाडीत कुरकुरतात. मागे स्टॅबिलायझर, म्हणजे दोन चाकांना जोडून कल धरणारा दांडा, तो मिळेल तितका जाड घालावा. इंजिन पुढे आणि चाकांना जोरही पुढे, अशा गाडीचे नाक वळणात बाहेर पळते. मागचा जाड दांडा ते आत वळवतो. यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटले. शेवटी दांडा घालूनच गेले.

हे सगळे करण्याआधी टायर आणि ब्रेकचे तेल. ज्याला थांबता येत नाही त्याने वळण्याची चर्चा करू नये.

मला कळवा: रस्ता कसा आहे, पुढच्या टायरची झीज कशी आहे, आणि गाडी चालवणाऱ्याचे वजन किती. शेवटचे विसरू नका. माणूस बसला की गाडी त्याच्या बाजूला कलते आणि चाकांचे कोन बदलतात. म्हणून अलाइनमेंट करताना मी सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवतो. तुमच्या सासूबाईंनी माझ्या जुन्या पॅंटच्या कापडाच्या शिवलेल्या आहेत, एकेक काट्यावर तोललेली.

घरातील सर्वांस यथायोग्य.

आपला,
सासरा

दि. १९ मार्च

जावईबापूंस,
सप्रेम नमस्कार.

उत्तर लगेच आले, बरे वाटले. पुढे जाण्याआधी एक आकडा तपासून घेतो.

वजन अठ्ठावन्न किलो असे कळवलेत. लग्नाच्या फोटोत तुम्ही माझ्या शेजारी उभे आहात. माझे वजन चौऱ्याहत्तर आहे, आणि त्या फोटोत मी तुमच्यापुढे छत्रीच्या काडीसारखा दिसतो. एका वर्षात तुम्ही इतके वाळला असाल तर घरात काळजी वाटायला हवी, म्हणून मी तो आकडा तुमच्या सासूबाईंना वाचून दाखवला. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता हसल्या आणि म्हणाल्या, "कमाल आहे बाई तुमची. जगाच्या गाड्यांचं दुखणं कळतं."

मी विषय वाढवला नाही. आकडा जसा आला तसा मांडला आहे. अठ्ठावन्न धरून पुढे जातो.

झिजेबद्दल तुम्ही लिहिलेत: "पुढच्या टायरवर तळवा बाहेरून आत नेला तर गुळगुळीत लागतो, आतून बाहेर आणला तर करवत लागते." वर्णन अचूक आहे. पुढची चाके एकमेकांकडे जरुरीपेक्षा जास्त वळलेली आहेत, चालताना फरपटत आहेत. पण 'करवत' हा शब्द मी छापलेला कुठे वाचलेला नाही. तो या गॅरेजचा आहे. टायरवर तळवा फिरवायची पद्धतही. तुम्हाला ती कुठे मिळाली ते विचारत नाही. दातांच्या धंद्यातही असे काही असेल.

एक मात्र मला उलगडत नाही. जी गाडी रोज एका नावाजलेल्या वर्कशॉपच्या दारात उभी असते, जिथे अलाइनमेंटचे कॅमेऱ्याचे मशीन आहे म्हणतात, ती गाडी फरपटत कशी चालते? दिव्याखाली अंधार म्हणतात तसे असेल. मशीनबद्दल मी बोलत नाही. मी सुतळी आणि पट्टी वापरतो. सुतळीला वीज लागत नाही.

तुम्ही शेवटी विचारलेत, "गाडीच्या खालच्या नटांवर पिवळी रेघ कशासाठी असते?" अख्ख्या पत्रात हा एकच प्रश्न खात्रीने तुमचा आहे, असे मला वाटले. त्याचे उत्तर नीट देतो.

नट आवळून झाला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत ऑइल पेंटची बारीक रेघ मारायची. नट सैल झाला की रेघ तुटते, लांबून दिसते. हे सगळीकडेच करतात. आमच्याकडे त्याला आणखी एक नियम आहे, माझाच केलेला: रेघ ज्याची, नट त्याचा. त्या कामाचा जाब तो देणार. आणि त्याला विचारल्याशिवाय तो नट दुसऱ्याने उघडायचा नाही. ब्रश गॅरेजात एकच होता आणि तो माझ्या खिशात असे.

पुढे गॅरेजात दुसरा हात तयार झाला. त्याबद्दल तुम्हाला थोडे माहीत असेल. लहानपणापासूनचा हात होता. इंजिनाच्या बेचक्यात पडलेला नट काढायला माझा पंजा जात नसे तिथे ती दोन बोटे जात. मोठेपणी कान चांगला, हात हलका, तोंड माझ्यासारखे. तो ब्रश एक दिवस मी दिला. मागितला म्हणून नव्हे. काम त्या लायकीचे होते म्हणून.

त्या दिवशी काट्यांवर, म्हणजे चार चाकांखाली ठेवायच्या चार वजनकाट्यांवर, औषधाच्या दुकानातल्या बाईंची गाडी होती. बाई अगदी किरकोळ, फुंकर मारली तर उडतील. आमच्याकडे सीटवर नेहमी चौऱ्याहत्तर किलोच्या पिशव्या असतात. माझ्या वजनाच्या. सगळ्या गाड्या त्यावरच व्हायच्या, कुणाची तक्रार नव्हती. तर या हाताने काय करावे? बाईंना सरळ वजन विचारले. गिऱ्हाईक बाईला वजन विचारतात का? बाईंनी सांगितले, तो भाग वेगळा. मग पिशव्या उतरवल्या, पन्नासावर आणल्या, अलाइनमेंट केली, रेघ मारली आणि जेवायला घरी.

मी दुपारी थिनर घेतले, रेघ पुसली, पिशव्या परत चढवल्या आणि काम पुन्हा केले. रेघ माझी मारली.

संध्याकाळी विचारणा झाली. मी म्हटले, पद्धत ती पद्धत. "फरक किती पडतो बाबा?" मी मोजून सांगितले, केसाएवढा; बाईंना जन्मात कळणार नाही. "फरक पडत नाही, तर पुसलीत कशाला?"

मी चहा मागवला.

ब्रश वर्कबेंचवर ठेवलेला दिसला. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे: दुसरे गाव, मोठे वर्कशॉप, तिथे चाके सरळ करून घ्यायला आलेले एक दातांचे डॉक्टर, आणि लग्न. लग्नाला मी होतो. नीट जेवलो. "प्रवास बरा झाला का?" असे मला विचारले गेले आणि मी "हो" म्हटले. अजूनही फोनवर तेवढेच होते, मधला प्रवास वगळून.

हे तुम्ही विचारलेत म्हणून लिहिले. नियम का आहे हे कळावे, एवढाच उद्देश.

समोरचा टायरवाला काट्यांची जागा मागतो आहे. म्हणतो, "दोन वर्षं बहुतेक वेळ रिकामीच पडलीय की, माझे टायर तरी ठेवतो." मी नाही म्हटले. अख्ख्या गॅरेजात तेवढीच जमीन पाणसळीत आहे. टायर कुठेही ठेवता येतात.

मागच्या दांड्याबद्दल तुम्ही लिहिता की जाड नको, सकाळी ओल्या रस्त्यावर शेपूट सुटेल. तुमचा रस्ता ओला का असतो हे लिहिलेले नाही. माझे मत कायम आहे.

आपला,
सासरा

दि. ८ एप्रिल

जावईबापूंस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सासूबाई चार दिवस तुमच्याकडे राहून काल परतल्या. पाहुणचाराबद्दल आभार. न्यायला-आणायला मीच आलो होतो. वर आलो नाही, कारण गाडी लावायला जागा नव्हती. (जागा होती. वॉचमन तुम्हाला सांगेलच, म्हणून आधीच लिहिले.)

सोडायला आलो त्या दिवशी खाली पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "येताय का वर?"

"पाच मिनिटांत येतो. तू हो पुढे."

"तुमची पाच मिनिटं मला माहीत आहेत. बसा टायरशी बोलत." आणि पिशवी उचलून गेल्या.

लाल गाडी कोपऱ्यात उभी होती. आलोच आहे तर बघावी, म्हणून गुडघे टेकून चाकामागे हात घातला. करवत होती, जशी लिहिली होती तशीच. मग टॉर्च लावून आत पाहिले. तेवढ्यात मागून आवाज.

"ओ काका, चाकाखाली काय हरवलं?"

"काही नाही. रेघ बघतोय."

"कसली रेघ?"

"पिवळी."

वॉचमनने वाकून नंबरप्लेट वाचली. "गाडी तुमची आहे का?"

"गाडी नाही. नट माझे आहेत."

"गाडी दुसऱ्याची आणि नट तुमचे? बरं. जाताना काढून नेऊ नका म्हणजे झालं."

माणूस हुशार आहे. पगार वाढवायला हवा.

मी बघत होतो ते असे. शॉकअप खाली जिथे चाकाच्या लोखंडाला धरतो तिथले नट, लोअर आर्मचे, म्हणजे चाकाच्या त्या खालच्या हाताचे नट, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो नट, जो सैल केल्याशिवाय अलाइनमेंट बदलताच येत नाही. सगळ्यांवर चिखल सुकलेला होता. अंगठ्याने खरवडला. खाली रेघ. माझी. अखंड, कुठे चिरसुद्धा नाही.

म्हणजे दोन वर्षांत त्या गाडीच्या एकाही नटाला पाना लागलेला नाही. कॅमेऱ्याचे मशीन शेजारी, हातात कसब, रोज लोकांच्या गाड्या सरळ व्हायच्या; आणि स्वतःची फरपटत चालली तरी तो नट उघडलेला नाही. मागच्या पत्रात मी दिव्याखाली अंधार वगैरे लिहिले होते. ते वाक्य तुम्ही खोडावे.

विचारल्याशिवाय उघडायचा नाही, असा नियम आहे. आता विचारले आहे. तुमच्या अक्षरात.

मी बराच वेळ तिथे होतो असे वॉचमनचे म्हणणे. पाठ धरली होती, उठायला त्यानेच हात दिला. परतताना सासूबाईंनी सांगितले की त्या दिवशी गॅलरीतून कुणीतरी खाली बघत होते. कुणी, ते मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

सोडायला आलो त्याच दिवशी, लगेच घरी न जाता मी एक काम केले. तुमच्या दारापासून त्या वर्कशॉपपर्यंतचा रस्ता माझ्या गाडीने चालवून पाहिला. रात्री तिथेच एका लॉजवर राहिलो आणि सकाळी कामाच्या वेळेला पुन्हा चालवला. खोलीत उशी नव्हती, पण तो विषय नाही. रेल्वे फाटकाच्या आधी रस्ता उखडलेला आहे. कडक स्प्रिंगेवर तिथे चाक हवेत राहील. फाटकानंतर बेकरी. बेकरीवाला सकाळी पातेली आणि ट्रे धुतो आणि पाणी रस्त्यावर सोडतो, नेमके वळणावर. पुढच्या चौकात बसगाड्यांचे डिझेल सांडलेले. माझ्या गाडीला मागे जाड दांडा आहे, मीच घातलेला. बेकरीच्या वळणावर शेपूट सुटले. मी सावरले. पण मी तीस वर्षे सावरतो आहे, आणि माझ्या सीटवर चौऱ्याहत्तर किलो असतात.

जाड दांडा नको. मूळचा राहू द्यावा. नाक थोडे बाहेर पळेल, ते पुढच्या चाकांचे डोके आत कलवून बरेचसे भरून काढता येते. स्प्रिंगही एक-तृतीयांश कडक नको, त्याच्या निम्मी पुरे. रविवारसाठी शॉकअपची खुंटी आहेच. तुम्ही हेच लिहिले होते, थोडक्यात. मी रस्ता न बघता उत्तर दिले होते.

सामान मी मागवतो. जुने शॉकअप परत पाठवू नका.

पुढचे पत्र तुम्हाला येणार नाही. राग मानू नये. तुम्ही मध्ये उभे राहून दोन्हीकडचा मार चुकवलात आणि अठ्ठावन्न किलोचे झालात, ही मदत मी विसरणार नाही. तुमचा प्रश्न पिवळ्या रेघेचा होता. तो विचारला नसतात तर बरे झाले असते, असे आधी वाटले होते. आता तसे वाटत नाही.

आपला,
सासरा

दि. २७ एप्रिल

चि. चिमटीस,
अनेक आशीर्वाद.

हे नाव आता तुला चालते का माहीत नाही. दोन बोटांनी नट काढायचीस म्हणून पडले होते. दुसरे कुठले लिहायला हात वळला नाही.

आईचा गुडघा तसाच आहे. मी ठीक.

या पत्राबरोबर खोके येईल. त्यात चार शॉकअप, चार स्प्रिंगा, वरची रबरी बैठक आणि बुश आहेत, रबराचे. पुढच्या दोन शॉकअपच्या खुंट्या मी फिरवून पाहिल्या. डाव्या खुंटीचा तिसरा खटका जरा अडखळत होता, दुकानदाराने शॉकअप बदलून दिला, आताचा चांगला आहे. चारही खुंट्या पार मऊ करून ठेवल्या आहेत. रोजसाठी किती, रविवारी किती, ते मी लिहिलेले नाही. आधी लिहिले होते, वेगळ्या कागदावर. तो कागद ठेवून घेतला. चालवणार तू आहेस.

माझ्या रेघेचे सगळे नट उघडायला हरकत नाही. विचारलेस, म्हणून सांगतो. शॉकअपचे खालचे दोन बोल्ट जुने वापरू नकोस, नवे खोक्यात आहेत. लोअर आर्मचा नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळ, नाहीतर बुश पिळलेला राहतो. हे तुला माहीत आहे. लिहिल्याशिवाय राहवले नाही.

औषधाच्या दुकानातल्या बाई गेल्या आठवड्यात टायर बदलून आल्या. मी गाडी काट्यांवर घेतली आणि त्यांना वजन विचारले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितले आणि म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी तुमच्या मुलीने विचारलं होतं. तुम्हाला फारच उशीर झाला. आता बावन्न."

मी बावन्नाच्या पिशव्या ठेवून केली. अठ्ठेचाळीसही चालले असते, शंभरही, फरक केसाएवढाच. पण बावन्नावर केली.

रेघ मारली नाही. ब्रश हातात होता. बाई खाली वाकून बघत म्हणाल्या, "दर वेळी पिवळं काहीतरी लावता ना?"

म्हटले, "राहिलंय. ज्याचं आहे तो लावेल."

"आणि तोवर?"

"तोवर जपून चालवा." हे चेष्टेत. नट टॉर्क पान्याने आवळलेले आहेत, दोनदा तपासले. पण रेघेशिवाय गाडी मी आजवर या दारातून बाहेर सोडलेली नाही. ही पहिली. बाईंना सांगितले आहे की महिन्याभरात पुन्हा दाखवायला या. कुणाला दाखवायला, ते त्यांनी विचारले नाही, शहाण्या आहेत.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी शोधत होतो. पुसली कशाला, याचे. सुतळी लावली, पट्टी लावली, ते मोजता येत नाही. दुसऱ्याची रेघ माझ्या गॅरेजात दिसली आणि हात थिनरकडे गेला, एवढेच सांगता येते. हे उत्तर नव्हे, मला कळते.

लाल गाडी तिकडे तुझ्या मशीनवर बसव किंवा इकडे काट्यांवर. दोन्हीकडे नीट होईल. मशीनला मी नावे ठेवली, पण मी ते चालताना कधी पाहिलेले नाही. इकडे आलीस तर जागा रिकामी आहे. टायरवाल्याला पुन्हा नाही म्हटले; तो आता माझ्याशी बोलत नाही, म्हणजे सध्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शांतता आहे. जमीन पाणसळीने तपासली, एका काट्याखाली पत्रा घालावा लागला. पिशव्या उसवून आईने पुन्हा शिवल्या, आता सीटवर अठ्ठावन्न आहेत. मधे काही कमी-जास्त झाले असेल तर वाळू शेजारीच बादलीत आहे. वजन तूच सांग. मी विचारणार नाही असे म्हणणार होतो, पण विचारणे बरे असते असे दिसते.

पेंटचा डबा संपत आला होता, नवा आणला आहे. ब्रश तोच, तू ठेवलास तिथे वर्कबेंचवर. वापरून झाला की पुन्हा तिथेच ठेवतो. जावईबापूंना आण. त्यांना बॉनेटचा खटका मी दाखवतो.

गाडी जॅकवर चढली की कुठल्या नटापासून सुरुवात करायची ते तू ठरव. कितीचा पाना हवा ते मोठ्याने सांग, अलीकडे डावा कान जरा कमी ऐकतो.

पाने घेऊन शेजारी उभा असलेला,
बाबा